बदललेल्या चार ओळी

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

मंगळवारी लिहिलं ते चूक आहे. मुरलीधरकाकांनी कवितासंग्रह छपाईला जाताना आपली लढाईची कविता घाबरून बदलली, असं मी लिहिलं. 'भित्रे' हा शब्दही वापरला! खोडत नाही, राहू दे. पण ते खोटं आहे.

आज गोहलपुरच्या छापखान्यात गेले होते. बंटीभैयांना सहज विचारलं, काका कधी येऊन गेले?

"चाचाजी कहाँ! आपके पापा बैठे थे, दो घंटे. चाय भी ठंडी कर दी."

बाबा.

शुक्रवार, ९ जानेवारी

काकांच्या वहीत असं आहे — कारगिलच्या चढावर सोबतच्या योगेशच्या पोटात गोळी लागली. तो ओरडायला लागला. वर शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून काकांनी त्याचं तोंड दाबून धरलं. तो कधी गेला ते तळहाताला कळलं.

छापील पानावर — तो हसत गेला, ओठांवर देशाचं नाव.

तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही. दम्यामुळे बाबांनीच घरी शिकवलं. रोज एक पान उतरवून काढायचं. एकदा धड्यातलं मेलेलं वासरू मी जिवंत केलं. बाबांनी पान फाडलं. लिहिणाऱ्याने जे सोसलं ते आपण बदलायचं नाही, म्हणाले. मी सात वर्षांची होते!

शनिवार, १० जानेवारी

बाबांना विचारलं, छापखान्यात ओळी तुम्ही बदलल्या? नाकारलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, अठराला मराठी मंडळात संग्रहाचं प्रकाशन आहे, योगेशची बहीण अवंतिकादीदी पहिल्या रांगेत बसणार. "तिला हे ऐकवायचं? आणि मंडळात लोक टाळ्या वाजवायला येतात, बेटा."

दया आणि टाळ्या — दोन्ही एका दमात.

आई म्हणाली, चलो, पानं वाढली आहेत.

कदाचित बाबांचं बरोबर असेल. दीदींना दुखवायचा मला काय हक्क? रात्रभर हेच. पण कविता टाइप मी केली होती. काकांना नाही, मला तरी विचारायचं!

सोमवार, १२ जानेवारी

खमरियाला काकांच्या क्वार्टरवर गेले. पान दाखवलं, बाबांनी बदललं तेही सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं. वसुधाकाकूने दिलेला चहा हातातच राहिला.

"दादा म्हणतो, हसत गेला. मग मी सव्वीस वर्षं काहून जागून राहिलो?"

मला म्हणाले नाहीत. पानालाच म्हणाले.

मंगळवार, १३ जानेवारी

बाबांनी आमंत्रणपत्रिका तपासायला दिली. तपासली. त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

गुरुवार, १५ जानेवारी

घमापुरहून अवंतिकादीदींचा फोन. कार्यक्रमाची वेळ विचारली. मग म्हणाल्या, "बेटा, कविता में लिखा है ना, भैया कैसे गए? मुरलीधरजी बोले थे, मुँह से नहीं बता पाऊँगा, लिखकर दूँगा. छब्बीस साल से पूछ रही हूँ."

म्हणजे कविता त्यांच्यासाठीच होती.

काकांना फोन केला. दीदी काय म्हणाल्या ते सांगितलं. म्हणाले, "चल."

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, १७ जानेवारीला, सकाळी दहा वाजता. काका आणि मी, वही घेऊन, घमापुरला दीदींकडे.