साखरेचा तक्ता

आई, काल मुलुंडच्या एका शाळेत शिक्षकांसमोर बोलायला गेले होते आणि तिथे पुन्हा तुझी गोष्ट सांगितली. माणसांच्या सवयी कशा बदलतात, शाळेत, दवाखान्यात, घरात, यावर मी अजून काम करते. तू म्हणायचीस, "लोकांना सुधारायचा पगार घेते ही." भाषण रटाळ व्हायला लागलं, लोक मोबाइल काढायला लागले, की मी तुला काढते. माझ्या आईला शुगर होती, जन्मभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत बाई होती, आणि तिने खोटे आकडे लिहून मला, म्हणजे याच विषयात डॉक्टरेट करणाऱ्या पोरीला, चार महिने चक्क उल्लू बनवलं. लोक हसतात. मग मी सांगते की पायाला गँगरीन होऊन ती गेली, आणि सगळे गप्प होतात. पेशंट स्वतःबद्दल जे लिहून देतो त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असं म्हणून मी खाली बसते. टाळ्या, चहा, वेफर्स. काल त्या चहाच्या वेळी एक तरुण शिक्षिका जवळ आली. म्हणाली, "मॅडम, राग नका मानू हं, पण तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही ना." आणि अर्धा चहा तसाच ठेवून रिक्षा पकडली.

तो तक्ता मी तुझ्या विक्रोळीच्या स्वयंपाकघरात घेऊन आले तो रविवार मला आठवतो. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, तू एकटी राहत होतीस, आणि मी बोरिवलीहून दर रविवारी यायचे. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात आमचा प्रयोग सुरू होणार होता. शुगरच्या पेशंटने रोज सकाळी बोट टोचून आकडा लिहायचा, आम्ही शनिवारी फोन करून तो ऐकायचा आणि कौतुक करायचं, बस. कौतुकाने सवय लागते, सवयीने शुगर खाली येते, असं आमचं म्हणणं. माझ्या डॉक्टरेटच्या गाइड सरांना ते पटत नव्हतं, म्हणून म्हटलं आधी घरीच करून बघू. तू तक्ता फडताळाच्या दाराला आतून लावलास, आणि डिंक सापडेना म्हणून शितांनी चिकटवलास. ज्या भातावर मी बंदी घातली होती त्याच भाताची शितं! दोघी किती हसलो होतो. आठवड्यातले सातही आकडे आटोक्यात असले, तर पुढल्या रविवारी मी एक सोनेरी तारा चिकटवायचा, असं ठरलं.

तारा बघून तू मात्र हसली नव्हतीस. चिडलीस की तुझं मालवणी वर यायचं. "माका काय शिकवतंस गो ह्या?" म्हणालीस, आणि कांदा चिरता चिरता ती नखांची हकीकत सांगितलीस. घाटकोपरच्या शाळेत एका वर्षी तू नखं तपासायला घेतलीस, स्वच्छ नखांना वहीत तारा. आठवडाभरात वर्ग चकाचक, हेडबाई खूश. मग एक मुलगी हात मागे धरून उभी. बघतेस तर बोटांतून रक्त. घरी नखं कापून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून शाळेच्या दारात उभं राहून दातांनी कुरतडून यायची. "त्या दिवशी तारे बंद केले," म्हणालीस. "दुसऱ्या दिवशी नेलकटर नेला आणि एकेकाला मांडीशी घेऊन बसले. तारा दिलास की मूल ताऱ्याकडे बघतं गं, नखाकडे नाही." मी म्हटलं, "आई, ती लहान मुलं होती. हे शास्त्र आहे." काय ते थोबाड माझं!  तू कांदा बाजूला ठेवून बोट पुढे केलंस, ते टोचून मी पहिला आकडा लिहिला.

मग शनिवारचे फोन सुरू झाले. मला अजून तुझा तो आवाज ऐकू येतो, वर्गात हजेरी घेतल्यासारखा, सोमवार एकशे अठरा, मंगळवार एकशे बावीस. मी इकडून म्हणते, "शाब्बास आई," आणि तू एकदम लाजतेस. बाबांनी कधी तुझं कौतुक केलं नाही, मीही नाही. तुझ्या हातचं खाऊन आम्ही ताट सरकवून उठायचो. पासष्टाव्या वर्षी तुला पहिल्यांदा कुणी शाब्बास म्हणत होतं, आणि ते म्हणणारी तुझी पोरगी, तिचे ते शब्द प्रयोगाच्या कागदात आधीच ठरलेले. मला हे तेव्हा दिसलं नाही. तुला हवा होता तो माझा फोन, हे समजायला डॉक्टरेट कशाला लागते?

मे महिना होता. विक्रोळीत पंख्याखालीही घामाच्या धारा, आणि तू पायात मोजे घालून बसलेली. मी विचारलं तर म्हणालीस, "लादी गार लागते." मी मान डोलावली. मान डोलावली गं मी! दहा दिवसांनी शेजारच्या काकूंचा फोन आला की घरात वास येतोय आणि तू उठत नाहीस. हॉस्पिटलात मोजा काढला तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, घरी शुगर बघत नव्हता का, आणि मी फडताळावरून सोलून आणलेला तुझा तक्ता पर्समधून काढून त्याच्या हातात दिला. त्याने तक्ता बघितला, रक्ताचा रिपोर्ट बघितला, आणि तक्ता घडी घालून परत दिला. आधी अंगठा कापला, मग घोट्यापर्यंत पाय, आणि अकराव्या दिवशी तू गेलीस. शुद्धीत होतीस तोवर एकदाच बोललीस, "तुझ्या सरांना सांगू नको हां."

सरांना मी सांगितलं. आईने मला फसवलं, असंच सांगितलं, आणि तेव्हापासून तेच सांगत आलेय. आता खरं लिहिते. पोस्टात टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही, तर लिहायला काय हरकत आहे? मोज्यांच्याही महिनाभर आधीचा एक रविवार. तू खाली कोळणीकडून बांगडे आणायला गेली होतीस. मी तारा चिकटवायला फडताळ उघडलं, तर पुढचा आठवडाही भरलेला. शनिवारपर्यंतचे सातही आकडे, एकाच निळ्या पेनाने, तुझ्या वळणदार अक्षरात. गुरुवारी मुद्दाम एकशे चाळीस, आणि शेजारी लिहिलेलं, "बारशाला गेले, पेढा खाल्ला." उजाडायचा होता तो गुरुवार. सोमवारी मला त्या तक्त्याचा फोटो सरांपुढे ठेवायचा होता. तुझ्याशी भांडायचं नव्हतं, बांगडे खायचे होते. फोटोत पुढच्या आठवड्याच्या ओळी वगळल्या तर कुणाला दिसणार नव्हत्या. दाराशी तुझ्या चपला वाजल्या आणि मी फडताळ लावून टाकलं.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा फोन केला. तू वाचत गेलीस, आणि गुरुवारी आवाज खाली आणलास. "जरा चुकलं गं, बारशाला पेढा खाल्ला." मी म्हटलं, "चालतं गं आई, एका पेढ्याने काही होत नाही. तू खरं लिहिलंस ना, तेच महत्त्वाचं. शाब्बास."