लॉन्ड्रीवाल्याची पांढरी व्हॅन

प्रिय थोरल्या,

पत्र बघून दचकशील. दोन बसस्टॉप पलीकडे राहणाऱ्या बापाने मुलाला पत्र पाठवावं, असं काय आभाळ कोसळलं, असं सूनबाईला विचारशील. काही कोसळलेलं नाही. दुपारची वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, तुझी आई बाजारात गेली आहे. समोरासमोर बोलायला बसलं की तू मान खाली घालतोस आणि मला तुझा भांगच दिसत राहतो. भांगाशी माणूस काय बोलणार? म्हणून लिहितो. आई सांगत होती की तू तुझं काचेचं दुकान महिनाअखेर बंद करतो आहेस आणि येत्या सोमवारपासून पुन्हा माझ्या हाताखाली कामाला येणार आहेस. खोटं कशाला सांगू, ऐकून मला आनंद झाला. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. तुझी आई पदराने डोळे पुसत होती आणि मी तिला म्हटलं, रडतेस काय, तोंडावर पडलेलं पोर घरी परत येतंय, बापाचं दुकान आहे म्हणून तरी निभावतंय.

तर आधी कामाचं. शटर साडेआठला उघडतं, सव्वाआठला तू हवास. तुझ्या जुन्या टेबलावर मी कडा घासायचं मशीन बसवलं आहे, तेव्हा तुला दाराजवळचा कोपरा. तिथे वारा लागतो, पण लागू दे. गिऱ्हाइकाशी मी बोलणार. मापं मी घेणार. तू तेरा वर्षं या दुकानात होतास, त्यातली शेवटची दोन मला नको झाली होती. माणसं दारातून आत यायची, मी गल्ल्यावर बसलेला असायचो आणि माझ्याकडेच बघून विचारायची, थोरले आहेत का? थोरले नसतील तर उद्या येतो. अरे, ज्याने तुला काचेवर रेघ ओढायची हिरकणी धरायला शिकवलं तो समोर बसलाय आणि यांना काच कापून हवी तुझ्याकडून! एक दाढीवाला वास्तुविशारद तर मला म्हणाला, तुमच्या मुलाच्या हाताला डोळे आहेत. मी हसलो. घरी येऊन तुझ्या आईवर भाजीच्या मिठावरून ओरडलो. आणि पुढच्याच महिन्यात तू म्हणालास, बाबा, मी वेगळं दुकान काढतो. मी म्हटलं, काढ की, कोणी अडवलंय. अडवलं नाहीच मी तुला, तोंडाने तरी नाही.

दुकानाला जागा मिळाली, पाटी झाली, राहिली ती गाडी. काचवाल्याला स्वतःची गाडी लागतेच. भाड्याचा टेम्पोवाला आरसा आणि कांद्याचं पोतं सारखंच हाकतो. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दीड महिना तू जुन्या व्हॅन बघत फिरलास आणि फार नीट फिरलास. आज हे लिहिताना सुद्धा बोटं जड होतात, पण नीट फिरलास. सकाळी लवकर, न कळवता जायचास. आधी बॉनेटवर हात ठेवायचास, विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलंय का ते बघायला. गार इंजिन चालू केल्यावर धूर कुठल्या रंगाचा येतो ते वहीत लिहायचास. गाडीखाली पुठ्ठा अंथरून तासभर गप्पा मारत बसायचास आणि मग पुठ्ठ्यावर तेलाचे थेंब मोजायचास. अशा सतरा गाड्या बघून तुला अठरावी सापडली, लॉन्ड्रीवाल्याची पांढरी. दहा वर्षं एकाच हातात, आत कधी धुतलेल्या चादरींपेक्षा जड काही गेलेलं नाही. सर्व्हिसिंगच्या पावत्या त्या माणसाने चपलांच्या खोक्यात तारखेवार लावून ठेवलेल्या. पुठ्ठा कोरडा. चारही टायर सारखे झिजलेले. तू दुकानात आलास तेव्हा तुझं तोंड लहानपणी पहिला नंबर आल्यावर व्हायचं तसं झालं होतं. तिथेच इसार देऊन मोकळा झाला असतास तर आज हे पत्र नसतं. पण तू आपल्या घरातली रीत पाळलीस. म्हणालास, बाबा, एकदा तुम्ही चुंबक लावून बघा, मग घेतो.

माझं चुंबक. फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून. पत्रा खरा असला की ते फडक्यासकट चिकटतं. अपघातानंतर पोचे पुट्टीने भरून वरून रंग मारलेला असला की घसरून पडतं. तुझ्या काकांच्या गाडीपासून शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीपर्यंत सगळ्या मीच तपासल्या, आणि माझा शब्द कधी कोणी ओलांडला नाही. त्या पांढऱ्या गाडीच्या दारावर मी चुंबक लावलं, ते घसरलं. मागच्या बाजूला लावलं, घसरलं. डावीकडे तर हातातून सुटून खाली पडलं. लॉन्ड्रीवाला मुलांची शपथ घेऊन सांगत होता की गाडीला कधी साधा धक्का लागलेला नाही. मी त्याला म्हटलं, कपडे धुता तशी माणसं धुऊ नका. गल्लीतली चार माणसं जमली, हसली. तो बिचारा लाल झाला. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस, वहीचं पान फाडून चुरगाळलंस आणि माझ्या मागे चालायला लागलास. वाटेत म्हणालास, बरं झालं बाबा, तुम्ही होतात.

मग जुन्या गाड्या विकणाऱ्या एजंटच्या यार्डातली करडी गाडी मी निवडून दिली. तुला ती मनातून आवडली नव्हती. मागचे टायर एका बाजूने जास्त खाल्लेले आहेत असं तू दोनदा म्हणालास. मी म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस, चुंबक बघ कसं बसलंय. चुंबक छान बसलं होतं. तू घेतलीस. पुढचं तुलाच जास्त माहीत. पहिल्या महिन्यात दोन काचा तडकल्या, दुसऱ्यात पाच. तू गाडीतल्या काचा ठेवायच्या चौकटीला नवा जाड नमदा लावलास, दोर बदललेस, काचा उलट्या लावून पाहिल्यास, गाडी बैलगाडीसारखी चालवायला लागलास. तरी तडकतच राहिल्या, आणि प्रत्येक वेळी डाव्या बाजूच्या. नाच शिकवणाऱ्या बाईंच्या हॉलचे अकरा आरसे घेऊन गेलास आणि त्यातले चार चिरफळलेले निघाले, तेव्हा बाईंनी तुला दारातूनच परत पाठवलं. माझ्याकडे आलास, खुर्चीवर बसलास आणि विचारलंस, बाबा, माझं काय चुकतंय? मी तुझी बांधणी बघायलाही उठलो नाही. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. दोष काचेत नाही, हातात आहे.

ते आरशांचं काम बाईंनी मला दिलं, हे तुला ठाऊक आहे. उतरवायला एक माणूस कमी होता म्हणून मी तुलाच बोलावलं, हेही आठवत असेल. माझ्या निळ्या गाडीत तू माझ्या शेजारी बसून आलास. अकराच्या अकरा आरसे भिंतीवर गेले, एकालाही केसाएवढा तडा नाही. परत येताना तू डॅशबोर्डवरून हात फिरवलास आणि म्हणालास, गाडी घ्यावी तर अशी घ्यावी. मी म्हटलं, गाडीत काही नसतं रे, चालवणाऱ्यात असतं. तू मान डोलावलीस. घरापर्यंत मी शीळ घालत होतो.

थोरल्या, ती निळी गाडी म्हणजे तीच लॉन्ड्रीवाल्याची पांढरी. तू करडी घेतल्यावर तीन आठवड्यांनी मी ती एजंटमार्फत घेतली. लॉन्ड्रीवाल्याला माझं नाव कळू दिलं नाही. गल्लीत मी तिची अब्रू काढल्यावर तिला दुसरं गिऱ्हाईक येत नव्हतं, बिचाऱ्याने मिळेल त्या भावात सोडली. रंग बदलला, सीट बदलल्या. नंबर तेवढा तोच राहिला, पण तो लिहिलेलं पान तू फाडून टाकलं होतंस. आणि बाप असं करेल हे तुझ्या मनात येण्यासारखंच नव्हतं. तिच्या पत्र्यात पुट्टीचा कण नाही. त्या दिवशी निघण्यापूर्वी मी चुंबकाला फडक्याच्या सहा घड्या घातल्या होत्या. सहा घड्यांतून चुंबक लोखंडाच्या तिजोरीलाही चिकटणार नाही. यार्डात जाताना पाच उलगडल्या. आणि करड्या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला मी सगळा वेळ टेकून उभा होतो, कारण तिथे एजंटने मला आधीच दाखवलं होतं, चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकलेली आहे, आणि खड्डा आला की त्या बाजूला आतून हिसका बसतो. त्याला वाटलं मी गाडी नाकारेन. मी त्याला म्हटलं, हीच दे.

का, हे विचारशील. मला तुझा मत्सर वाटला. बापाला मुलाचा वाटावा हे कुठे ऐकलंयस? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. मला वाटलं, चार काचा फुटतील, चार महिन्यांत नाक मुठीत धरून परत येईल, पुन्हा सगळे माझ्याकडे बघून मापं सांगतील. तू दोन वर्षं टिकलास, त्या वाकड्या गाडीवर दोन वर्षं! याचा मला अभिमान वाटायचा आणि राग यायचा, दोन्ही एकाच वेळी. एक मात्र सांगतो, त्यात तुझीही चूक आहे. बॉनेटला हात लावलास, पुठ्ठा अंथरलास, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस, आणि माझ्या हातातलं चुंबक कधी मागितलं नाहीस. मागितलं असतंस तर फडक्याचा फुगवटा हाताला लागला असता. पण आपल्या घरात बाबांच्या हत्याराला कोणी हात लावत नाही. हे मीच तुम्हाला शिकवलं, छडीने शिकवलं, आणि तेच मला उपयोगी पडलं.

आता हे सगळं आज का लिहितोय, ते. परवा रविवारी तू सोमवारचं बोलायला आलास आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून विचारलंस, आत येऊ का? मी मजेने काचेचा एक तुकडा तुझ्यापुढे टाकला, म्हटलं, काप बघू, हात विसरला नाहीस ना. तू हिरकणी उचललीस, रेघ ओढलीस, चांगली होती, मला बसल्या जागेवरून आवाजावरून कळलं. आणि मग तू, ज्याला मी शिकवलं की रेघ एकदाच, दुसऱ्यांदा फिरवली की काचही गेली आणि हिरकणीही, त्या तू तीच रेघ पुन्हा ओढलीस. काच वेडीवाकडी फुटली. उघड्या हातांनी तुकडे गोळा करत तू म्हणालास, बाबा, तुमचंच खरं होतं, माझ्या हातातच नाही. हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो. ऐकलं आणि तेव्हापासून मला झोप नाही, अन्न जात नाही. मला दुकान फोडायचं होतं, हात नव्हता फोडायचा. स्वतःच्या रेघेवर भरवसा नसलेला माणूस मला दुकानात नको आहे. सोमवारी येऊ नकोस, आलास तर मी शटर वर घेणार नाही. मी माफी मागत नाही. तुझा स्वभाव असा की तू देऊन टाकशील, आणि मग आपण दोघेही मेलो. निळी गाडीही मी होऊन देणार नाही. ती दारात उभी असते, किल्ली माझ्या खिशात असते, भांडून हिसकावून घेता आली तर घे. आधी तुझी करडी गाडी सपाट जागेवर उभी कर आणि मागचा डावा कोपरा खालून बघ. मग आईला सांग, सूनबाईला सांग, त्या लॉन्ड्रीवाल्याला जाऊन सांग, आणि मला तोंडाला येतील त्या शिव्या घाल. त्या देताना हातावरचा भरवसा परत येईल. आला की काच पुढ्यात घे, आणि रेघ एकदाच ओढ.

तुझाच,
बाप