पेटीच्या कुलपातून माझा अंगठा काढून मिळणेबाबत

प्रति,
मा. पंचायत विकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे कुरणवाडी,
ता. निपाणी, जि. बेळगाव.

अर्जदार: श्रीमती अक्काताई आदगोंडा मगदूम, वय ६९, शिक्षण मराठी तिसरी, राहणार तंबाखूची जुनी वखार, कुरणवाडी.

विषय: माझ्या वखारीत बसवलेल्या मॉड्युलर नेटवर्क स्विच राउटर या पेटीपासून माझी सुटका होणेबाबत.

संदर्भ: पंचायत व नेट कंपनी यांचा करार, तसेच माझी तोंडी तक्रार, जी आपण दोनदा ऐकून घेतली आणि दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलीत.

महोदय,

१. वरील विषयी अर्ज करते की, माझा मुलगा वृषभ, जो सदर कंपनीत कंत्राटी तंत्रज्ञ आहे, त्याचे वागणे मुलाला शोभणारे नाही. पेटी बसवायला आलेल्या साहेबांनी अंगठा लावूनच उघडणाऱ्या कुलपासाठी कोणाचा अंगठा घ्यायचा असे विचारले. मी भाकरी थापत होते. त्याने मला न विचारता माझा हात धरला, पीठ आपल्या शर्टाला पुसले आणि म्हणाला, "आईचा घ्या. आई कुठं जात न्हाय." त्या दिवसापासून आज दीड वर्ष मी खरोखरच कुठे गेलेली नाही.

२. आपण नारळ फोडून गेलात, पेटी उघडून पाहिली नसावी, म्हणून खुलासा करते. मी तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडते, त्यामुळे मला तिची सगळी अंगे पाठ आहेत. पेटी माणसाच्या छातीएवढी असून तिला दहा खण आहेत. प्रत्येक खणात एक कार्ड बसते व ते फडताळाच्या कप्प्यासारखे ओढून काढता येते, पेटी चालू असताना सुद्धा. एका कार्डावर बँक, एकावर शाळा, एकावर रेशन दुकान, असे चार गावांचे नेट त्यातून जाते. मुख्य कार्डे दोन आहेत. एक काम करते, दुसरे नुसते जागे बसते, आणि पहिले मेले की त्याच क्षणी गादीवर येते. वीज दोन बाजूंनी, पंख्यांच्या दोन ओळी. आतला प्रोग्रामही पेटी न थांबवता बदलता येतो असे वृषभ कौतुकाने सांगतो. घरच्या सुनेचे एवढे कौतुक त्याने केलेले मला आठवत नाही. थोडक्यात, पेटीतल्या प्रत्येक वस्तूला जोडीदार आहे. माझ्या अंगठ्याला नाही.

३. माझी मुलगी निशा हिने अकरा वर्षांपूर्वी आमच्या जैन समाजाबाहेर, गुंजी रेल्वे स्टेशनवर कामाला असलेल्या जोतिबाशी लग्न केले. तेव्हा मी तिला या घराची पायरी बंद केली. ते चुकले की बरोबर, हा पंचायतीचा विषय नाही. यंदा फाल्गुनात तिचा निरोप आला की, "आई, यांची बदली लांब होणार आहे. तुझ्यासाठी कांदा-लसूण न लागलेलं भांडं वेगळं ठेवलंय. एकदा ये आणि जेवून जा." मी जाणार असे कळवले. आता २८ तारखेला त्यांना स्टेशनवरचे घर रिकामे करायचे आहे. त्याआधी मला तिच्या घरी एकदा दिवसाउजेडी जेवायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, बाकी अर्ज त्याच्यासाठी लांबला.

४. मी तीन वेळा निघाले. पहिल्यांदा निपाणी स्टँडवर पोचले तोच वृषभचा फोन, "आई, कार्ड गेलंय, शाळेची परीक्षा अडकलीया, अंगठा पायजे." परत आले. दुसऱ्यांदा बेळगाव स्टेशनवर तिकीट काढून बाकावर बसले होते. फोन आला, "बँकेत पेन्शनची माणसं उन्हात उभी हैत, तुला शिव्या घालतील." शिव्यांना मी भीत नाही, पण म्हातारी माणसे माझ्या वयाची, म्हणून उठले. गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली. तिसऱ्यांदा फोनच बंद ठेवला, तर त्याने आपल्या पंचायतीच्या पाणीवाल्या भरमूला मोटरसायकल देऊन पाठवले. भरमूने मला हायवेवरच्या थांब्यावरून चुकल्या म्हशीसारखे वळवून आणले. वाटेत त्याने, "अक्काताई, घट्ट धरा हं," एवढेच म्हटले. त्याच्यावर माझा राग नाही.

५. मी वृषभला म्हटले, पेटी बंद करून दुसऱ्याचा अंगठा घाल. तो म्हणाला, "ती बंद होत न्हाय गं. न थांबण्यासाठीच केलीया." म्हणून एकदा मीच तिची एक वायर उपसली, हे कबूल करते. काही झाले नाही. दुसरी उपसली. खालची बॅटरी लागली, पेटी कोंबड्यासारखी ओरडू लागली आणि बेंगळुरूहून कोणीतरी फोनवर मला कन्नडमध्ये ओरडले. मला कन्नड बोलता येते, मीही ओरडले. पेटी मात्र चालूच. रेशन दुकानातल्या मशीनला माझा अंगठा लागत नाही, तंबाखू निवडून रेघा झिजल्यात. या पेटीला तो पहिल्या दमात लागतो. अंगठा कुलपाजवळ ठेवून बाकीची मी गुंजीला गेले असते तर आपणांस ही तसदी दिली नसती.

तरी विनंती की, सदर पेटी माझ्या वखारीतून उचलून पंचायत कार्यालयात न्यावी.

वरचा मजकूर १२ तारखेला लिहिला. आज १५ आहे. वरची विनंती आता नको, पण खाडाखोड केली तर कागद घाण दिसतो म्हणून तशीच ठेवली आहे.

काल १४ तारखेला कंपनीच्या बेळगाव ऑफिसातून प्रियदर्शनी नावाच्या बाई इंजिनिअर तपासणीला आल्या. वृषभ निपाणीला गेला होता. मी अंगठा लावून कुलूप उघडले. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अज्जी, यात दहा माणसांची बोटं बसतात. आम्ही ऑफिसातूनच घालतो, दोन मिनिटं लागतात. पेटी थांबवायची गरजच नाही. तुमचं एकटीचंच का ठेवलंय?" मी म्हटले, हे तुम्ही मला सांगताय की विचारताय?

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पेटीला विसर पडत नाही. कुलूप कधी उघडले, कुठले कार्ड कधी बिघडले, कधी काढले, कधी घातले, सगळे वेळेसकट आत टिपलेले असते. मी माझ्या तीन तारखा सांगितल्या, बाईंनी कागद छापून दिला आणि बोट ठेवून वाचला. तिन्ही दिवशी पेटीत काहीही बिघाड नव्हता. तिन्ही दिवशी आधी माझ्या अंगठ्याने कुलूप उघडले, मग दोन मिनिटांनी एक चांगले कार्ड बाहेर काढले, आणि चार मिनिटांनी तेच कार्ड परत आत घातले. शाळा, बँक, पेन्शनची म्हातारी माणसे, कोणाचेही त्या चार मिनिटांआधी काही अडलेले नव्हते.

संध्याकाळी वृषभला कागद दाखवला. त्याने कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाला, "आरोहीचं स्थळ बघायचं चाललंय, आई. तू तिथं जेवून आलीस म्हणून समाजात कळलं तर पोरीचं काय?" आरोही म्हणजे त्याची मुलगी, माझी नात. ती आतून म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, आप्पा." एवढे बोलून ती परत आत गेली.

सबब नवी विनंती अशी:

माझा अंगठा २० तारखेच्या आत कुलपातून काढावा. उरलेल्या जागी वृषभचा, भरमूचा व आपला स्वतःचा घालावा. आपला अशासाठी की, दुपारच्या जेवणातून उठून येणे काय असते ते कार्यालयासही कळावे.

पेटी वखारीतच राहू द्यावी. तिने माझे काही वाकडे केले नाही. दीड वर्षात या घरात खरे तिनेच सांगितले.

वृषभवर कंपनीने कारवाई करू नये. तो माझा गुन्हेगार आहे, कंपनीचा नाही. त्याचे मी बघते.

२० तारखेला काम झाले नाही तरी मी सकाळी पहिल्या गाडीने निघणार आहे. चार गावांचे नेट बंद पडले तर हा अर्ज पंचायतीच्या फळ्यावर लावावा, म्हणजे लोकांना शिव्या कोणाला द्यायच्या ते समजेल.

आपल्याच गावची, तूर्त आपल्याच कुलपाची,
अक्काताई आदगोंडा मगदूम
(सही स्वहस्ते)
कुरणवाडी, दि. १५ नोव्हेंबर २०२५

सोबत:
पेटीने टिपलेल्या नोंदी, दोन पाने.
बेळगाव ते गुंजी रेल्वे तिकीट, प्रवास न झालेले.

ता.क. अर्जाची घडी घालत असताना वृषभ येऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, अर्ज कशाला? घरातलं घरात मिटवू की." त्याला मी जे मोठ्याने सांगितले, ते कार्यालयाच्या नोंदीस असावे म्हणून खाली लिहिते:

"वृषभ, निशाला ह्या घरातनं काढली ती मी. अंगणात उभी राहून, माझ्या तोंडानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काढली. लई वाईट केलं, पर माझं नाव लावून केलं. तू मला कोंडलंस आणि नाव मशीनचं लावलंस. पोरगा आडमुठा निघाला असता तर चाललं असतं रं मला. तू भित्रा निघालास. आता दारातनं बाजूला हो."