गोठ्यातली पंगत

मु. रोकाविला, पिएमोंते
सांता लुचियाच्या सणानंतरचा दिवस

आदरणीय वितालियानो मामा, तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन भाचा निकोदेमो लिहितो की मी इथं ठणठणीत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? काळी शेळी व्याली का? आईला सांगा, पोरगा जेवतो. (का जेवतो ते पुढं येईलच.)

मालकांचं पत्र एव्हाना पोचलं असेल. तुमच्या भाच्यानं आमचं जेवणाचं टेबल गोठ्यात नेलं, असं त्यात लिहिलं असेल. मामा, ते खरं आहे. टेलिव्हिजनही नेला, तेही खरं आहे. पण माझं नाव टाकण्याआधी माझी बाजू ऐका, कारण गोष्ट आनंदाची आहे. (अक्षर वाकडं आलं तर थंडीला दोष द्या, इथं शाई दौतीत गोठते.)

तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात. सेकोंदो मालक तुमचे पलटणीतले सोबती, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. नाहीतर वर्षात सहा कामं सोडणाऱ्याला कोण उभं करतं? तोरिनोच्या कारखान्यात अकरा दिवस, बेकरीत तीन आठवडे (पाव पहाटे भाजतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं), बाकीची तुम्हाला पाठ आहेत. ऑक्टोबरात इथं आलो, तर मालकांनी थेट फाल्केतपुढं नेऊन उभं केलं. फाल्केत म्हणजे अडीच वर्षांचा खच्ची गोऱ्हा, दुधासारखा पांढरा, मान माझ्या छातीएवढी. नाताळाआधीच्या बाजारात मिरवून खाटकाला द्यायचा, म्हणून पोसलेला. त्या बाजारात सगळ्यात भारी जनावराला भरतकामाची झूल मिळते. गेली तीन वर्षं ती शेजारच्या एवाझियोच्या घरात आहे आणि तो ती दर आठवड्याला धुऊन आमच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालतो. मालक मला म्हणाले, "झूल आली तर तू कायमचा. नाही आली तर नाताळला पिशवी उचल, आणि मामाला काय सांगायचं ते तूच सांग."

मग काय, मी कंबर कसली. दिवसातून पाच वेळा आंबोण. कोंडा, मक्याचा भरडा, शिजवलेलं जवस, रविवारी वरून अंडी. कोमटच लागतं, म्हणून मी आधी चाखून बघायचो. (बरं लागतं. मामीच्या सूपाशी तुलना करत नाही.) महिनाभर फाल्केत असा जेवला की बादली चाटून झाल्यावर ती नाकानं गोठाभर लोटत फिरायचा. आणि बाजाराला चार आठवडे उरले असताना, सान मार्तीनोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं आंबोणावर नुसता एक उसासा सोडला आणि तोंड फिरवलं. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. जावई रुसतो ना मानपानावरून, अगदी तसा.

ढोरांचा डॉक्टर आला, जीभ बघितली, पोट ठोकलं, म्हणाला जनावर माझ्यापेक्षा निरोगी आहे. एवाझियो कुंपणावर रेलून (चेहऱ्यावर दुःख, डोळ्यांत जत्रा) म्हणाला, लाल वाईन पाज, भूक खवळते. पाजली. भूक जागच्या जागी राहिली, पण त्यानं मालकीणबाईंचा, म्हणजे ओत्ताविया बाईंचा, एप्रन दोरीवरून ओढून निम्मा चघळला. मी अंडी थेट त्याच्या तोंडात फोडायला गेलो, तर त्यानं ती जिभेनं बाहेर लोटली, नेमकी माझ्या बाहीत. शेवटी बाईंनी पाद्रीबाबांना आणलं. जनावरांच्या संताचं चित्र खांबावर ठोकलं, पाणी शिंपडलं, आणि मग सगळ्यांना तिथंच उभ्या उभ्या हेझलनटचा केक वाटला. आम्ही केक खातोय तोवर मागून चपचप ऐकू आलं. वळून बघतो तर फाल्केतनं अर्धी बादली संपवलेली! बाईंनी गुडघे टेकले, पाद्रीबाबांनी आणखी एक तुकडा घेतला. पण दुसऱ्या दिवशी संत खांबावर जागच्या जागी, आणि गोऱ्हा उपाशी.

तेव्हा मालकांचे वडील बोलले. तेसियो आजोबा, वय ऐंशी, दात दोन, तेही समोरासमोर नाहीत. मामा, इकडची रीत अशी की थंडी पडली की अख्खं घर गोठ्यात बसतं, जनावरांच्या उबेला. सूप तिथं, विणकाम तिथं, शेजाऱ्यांची निंदा तिथं. मीही आल्यापासून तिथंच जेवायचो. यंदा सान मार्तीनोला मालकांनी नवी शेगडी आणि टेलिव्हिजन आणला आणि सगळे उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. फाल्केतची आई तर तो जन्मला तेव्हाच गेलेली, बाईंनी बाटलीवर वाढवलेला. आडोशापलीकडच्या गाईंकडे तो ढुंकूनही बघत नाही, त्याला माणसं लागतात. आजोबा म्हणाले, "दोन हिवाळे तो आपल्या पंगतीला जेवलाय. आता एकट्यापुढं ताट सरकवता आणि म्हणता जेव. तू जेवशील का रे?"

मालक म्हणाले, "बाबा, ते जनावर आहे."

"म्हणून तर त्याला कळतं," आजोबा म्हणाले आणि टेलिव्हिजनकडे पाठ करून बसले.

मी त्याच दुपारी पोलेंताची, म्हणजे इकडच्या मक्याच्या घाट्याची, थाळी घेऊन गव्हाणीसमोर बसलो. मी घास घेतला, त्यानं घास घेतला. मी थांबलो, तो थांबला, आणि असं बघितलं की यजमानच हात धुतो तर पाहुण्यानं काय करावं. मामा, मी थाळीसकट ओरडत अंगण ओलांडलं. तेव्हापासून त्याची पाच आंबोणं आणि माझी पाच जेवणं. चौथ्या दिवशी मला वाकून बुटाची नाडी बांधता येईना. मग आजोबा मदतीला आले. ते एक वाटी सूप तासभर पितात, त्यामुळं फाल्केतला ते फार आवडायचे. पण त्यांना सर्दी झाली, आणि मी एकटा किती पुरणार? म्हणून रविवारी घर प्रार्थनेला गेलं असताना मी टेबल, खुर्च्या आणि चुलीवरचं पातेलं गोठ्यात हलवलं. मालक परत आले, रिकामं स्वयंपाकघर बघितलं आणि गवत उचलायचा काटा हातात घेऊन माझ्यामागं लागले. बाईंनी मात्र वाटी उचलून सहज एक घोट घेतला, तसं फाल्केतनं डोकं गव्हाणीत घातलं. मालकांनी काटा भिंतीला टेकवला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मीठ कुठाय?"

पुढचे अठरा दिवस सगळं घर गोठ्यात जेवलं. बाईंना गुरुवारचा बक्षिसांचा कार्यक्रम चुकवायचा नव्हता, म्हणून टेलिव्हिजनही आला. (फाल्केतनं त्याच्याकडे शेपूट केलं. आजोबा म्हणाले, हा माझ्यासारखाच.)

आणि काल बाजार! काट्यावर नऊशे चौदा किलो, मामा! एवाझियोचा नऊशे सहा! परीक्षकांनी चरबी अजमावायला शेपटीमागं चिमटे घेऊन बघितले, एकमेकांकडे बघितलं, आणि झूल फाल्केतच्या पाठीवर! बँड वाजला, बाई रडल्या, एवाझियो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "खरं सांग पोरा, काय खाऊ घातलंस?" मी सांगितलं की जेवलो ते आम्हीच जास्त. त्याला वाटतं मी लपवतोय. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मामाला लिही, तू राहिलास."

मग खाटीक त्याला वाजतगाजत घेऊन गेला. इकडं बाजार झाला की सगळे उकडलेल्या मांसाच्या वाडग्यावर बसतात. माझ्यापुढंही वाडगा आला, वाफाळता. महिनाभर जो रोज पाच वेळा जेवला त्याला घास उचलेना. आजोबांनी तो वाडगा स्वतःकडे ओढला.

तर तुमचा शब्द राहिला मामा, आणि मी कायमचा झालो. सगळ्यांना नमस्कार सांगा.

आज्ञाधारक,
निकोदेमो

ता. क. लुइजी शिंप्याकडून एक विजार शिवून पाठवा. कंबर पूर्वीपेक्षा चार बोटं मोठी. आईला माप सांगू नका.

ता. क. दुसरा. मामा, खरं सांगायचं तर हे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. मालकांना एक पत्र टाका की निकोदेमोची आई आजारी आहे, त्याला ताबडतोब पाठवा. कुठलंही काम शोधा, विटा, मासे, काहीही, फक्त त्याला नाव नको आणि ते माझ्याकडे बघायला नको. रिकाम्या गव्हाणीजवळून जायला नको म्हणून मी अंगणाला वळसा घालून फिरतो.

ता. क. तिसरा, दुपारी. मालकांनी नवं वासरू आणलं. पाच महिन्यांचं, सगळ्यांना बुजतं, कोपऱ्यात उभं. आंबोणाला तोंड लावत नव्हतं. मी फक्त बघायचं म्हणून पाव घेऊन त्याच्याजवळ बसलो. आईच्या आजारपणाचं पत्र अजून टाकलं नसेल तर टाकू नका. टाकलं असेल तर लगेच दुसरं टाका, की ती बरी झाली.