टाकीचं झाकण

प्रिय अहो,

आज आपली जीप भीमाशंकरपर्यंत गेली आणि कुठंही बंद न पडता घोडेगावला परत आली. ही गोष्ट आधी तुम्हाला सांगायला हवी, म्हणून लिहायला बसले. पण आनंदानं लिहितेय असं समजू नका.

तुम्ही गेल्यावर गाडी मी चालवायला घेतली. लायसन तुम्हीच हट्टानं काढायला लावलं होतं. बायका विश्वासानं बसायच्या, शिटा भरायच्या. मग एक दिवस डिंभ्याच्या पुढं इंजिन आचके देऊन बंद पडलं. सेल्फ मारून मारून थकले. थोडा वेळ थांबल्यावर आपोआप चालू झालं. दुसऱ्या दिवशी तसंच. मग कधी रोज, कधी दोन दिवसांआड. पोखरीच्या घाटात चढावर बंद पडली तेव्हा मागच्या चाकाला दगड लावायला एक म्हातारी खाली उतरली. त्या दिवसापासून लोक माझ्या गाडीकडं बघून दुसरीत बसायला लागले.

मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, वायरी तपासल्या. गॅरेजात गाडी शहाण्यासारखी चालायची. तो म्हणाला, गाडीत दोष नाही, वहिनी, तुम्ही क्लच नीट सोडत नसाल. तुम्ही असता तर त्याला काय म्हणाला असता?

दोष गाडीत नाही, मग कुणात? माझ्या डोळ्यांसमोर नामदेव भाऊजी आले. तुमचे जिवलग. स्टँडवर त्यांची गाडी आपल्याच शेजारी लागते. तुमचा दहावा झाल्यावर तेच म्हणाले होते की हे बायामाणसाचं काम न्हाई, गाडी मला द्या. मी चहाला गेले की ते माझ्या गाडीजवळ का घुटमळायचे? माझी गाडी बंद पडली की माझे पाशिंजर त्यांच्याच गाडीत का बसायचे? मी गाडी लांब लावायला लागले. तरी बंद पडायची राहीना. शेवटी एका सकाळी सगळ्या स्टँडदेखत मी त्यांना विचारलं की तुम्ही माझ्या गाडीला काय करता. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले आणि मला वाटलं, चोर असाच गप्प बसतो.

खरं कळलं ते पंपावर. डिझेल भरायला तिथल्या पोरीनं टाकीचं झाकण फिरवलं तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. ती म्हणाली, ताई, टाकीला श्वास घ्यायला जागाच नाही वाटतं. मी तेव्हा पैसे देऊन निघाले. पण पुढच्या वेळी गाडी बंद पडल्यावर खाली उतरून झाकण सैल केलं. तोच आवाज. आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. डिझेल संपत जातं तशी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही की डिझेल पुढं सरकत नाही. एवढं सोपं होतं. मिस्त्रीला सगळं सांगायचात, मला टाकीचं कधी का नाही सांगितलंत?

घरी येऊन झाकण उलटं केलं. हवेच्या भोकावर आतून रबराचा तुकडा चिकटवलेला होता, सायकलच्या ट्यूबचा, लाल. अशी लाल ट्यूब घोडेगावात आता कुणाकडं मिळते? आपल्या गोठ्यात मात्र खुंटीला टांगलेली आहे. मामंजी तिचेच तुकडे कापून खुरप्याच्या मुठींना गुंडाळतात.

जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. चुकून केलं म्हणावं, तर कसं? झाकण त्यांच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, यानं गाडी बंद पडते?

त्यांनी झाकण हातात घेऊन उलटं केलं. मग म्हणाले, "व्हतं. त्याच सीटवर माझं पोरगं मान टाकून गेलं. तू रोज तिथं बसतीस. वाटलं, सारखी बंद पडली तर कंटाळून इकून टाकशील."

"आणि घाटात मागं घसरले असते तर?"

"तेवढा इचार नाय केला, बाय."

खरंच नाय केला? की करून सोडून दिला? मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला ठरवता येईना. दुःखानं माणूस असं करतं का हो? तुम्ही त्यांचे लेक, तुम्हाला ओळखता आलं असतं. दोन दिवस मी त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

तो तुकडा मी खरवडून काढला. काल स्टँडवर जाऊन, सगळ्यांदेखत, माझी चूक झाली असं नामदेव भाऊजींना सांगितलं. कुणी केलं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, "वहिनी, मी गाडीपाशी यायचो ते टायर बघायला. दोस्तानं सांगून ठेवलं व्हतं." आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. माझ्याशी पूर्वीसारखं बोलतील असं दिसत नाही.

अहो, शब्द देते. गाडी विकणार नाही. मामंजींना अंतर देणार नाही, त्यांचं नाव या घराबाहेर जाणार नाही. पण रोज सकाळी निघायच्या आधी झाकण उघडून बघेन. ते ओट्यावरून बघत असले तरी बघेन. तेवढं मला करू द्या.

तुमची,
सुनंदा