स्पेसच्या बटणाखालचे तांदूळ

लातूर, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

यांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपवर मी हार्डवेअर शिकते आहे. काल त्यातली हार्ड डिस्क काढून यूएसबीनं जोडायच्या डबीत बसवली, आणि चक्क चालली! आज कीबोर्ड. नांदेडहून आमची लेक वृंदा व्हिडिओ कॉलवर सांगत होती. स्पेसचं लांब बटण अलगद उचललं, तर खाली कुंकू लागलेले तीन तांदूळ. माझ्याच अक्षता. दर दसऱ्याला पूजा करून मीच टाकायची.

ते बटण हे किती जोरानं दाबायचे! मी करवादायची, "टाइपरायटर आहे का तो?" हे हसायचे, "लई हट्टी हाय गं." एकदा तरी विचारायचं होतं, का दाबता इतकं? तीन तांदूळ, आणि मी यांनाच बोलत राहिले.

"वृंदा, बाबांना ठाऊक नसेल ना?"

"होतं की. मी काढते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. आईला कळलं तर ती पूजाच सोडून देईल."

हे गेल्यापासून दोन दसरे झाले. दोन्ही वेळा मी लॅपटॉप कपाटाबाहेरही काढला नाही.