चाकावरची जागा

उंब्रज,
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

अहो,

नमस्कार. तुमच्या त्या बर्फातल्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. घरी सगळे बरे आहेत असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, ती पाळते. आपला ऊस कारखान्याला गेला. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या शुक्रवारी सांगलीला ठरलंय. गाडी मीच नेणार आहे. पण आधी गाडीचं ऐका.

बरेच दिवस मागून घूंऽऽ असा आवाज येत होता. मला वाटलं, टायर झिजले. आबा म्हणाले, "टायर न्हाई, बेअरिंग हाय." कराडच्या वाटेवर गाडी डावीकडे वळली की आवाज वाढायचा, उजवीकडे वळली की दबायचा. म्हणजे दुखणं उजव्या मागच्या चाकाचं. घरी जॅक लावून त्यांनी मला चाकामागच्या स्प्रिंगवर हात धरायला लावला आणि चाक फिरवलं. पाट्यावर कोरडी चटणी वाटताना येते तशी खरखर थेट तळव्यात आली. "लागली का न्हाई?" म्हणून असे हसले की काय सांगू! फौजेच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेले तुमचे वडील, ते कशाला गाडी गॅरेजला नेतील?

बेअरिंग आणायला स्वतःच गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तसलंच आणखी एक घेऊन आले. मी म्हटलं, असेल डाव्या चाकासाठी.

काल काम काढलं. दोन्ही बेअरिंग फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. थंडीनं ते आकसतं म्हणे, आणि ड्रम उन्हात तापवला की आत बिनबोभाट बसतं. आई करवादल्या, "आवं, आता दह्यासंगं गिरीस खायाचं का आमी?" मी पोट धरून हसले. जुनं ठोकून काढलं, नवं बसवलं, मधला नट आवळला, चाक चढवलं. आबा हात धुवायला गेले.

मी पसारा आवरायला घेतला तर परातीत दोन पिना. नट फिरून निघू नये म्हणून त्यात आरपार घालून दुमडतात, ती पिन. एक जुनी, वाकडी. दुसरी नवी, तशीच कोरी. म्हणजे आत काहीच नव्हतं. शुक्रवारी हायवेवर, मागं आई बसलेल्या, आणि चाक...

हळूच म्हटलं, "आबा, ही राहिली वाटतं." चिडतील, नाहीतर कपाळावर हात मारून घेतील असं वाटलं. त्यांनी पिन घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "हे कशाचं गं, सूनबाई?"

अहो, ते थट्टा करत नव्हते.

मग मीच चाक उतरवलं. जुनी पिन काढताना बघितलं होतं, म्हणून नवी घालून दुमडता आली. आबा शेजारी उकिडवे बसून होते, परक्याच्या अंगणात बसल्यासारखे. मग एकदम ताठ उभे राहिले. "पिन ज्यानं घातली, त्यानं चाकावर बसायचं. आमच्या वर्कशॉपचा कायदा हाय." तुम्हाला ठाऊक आहे त्यांचं ते, ज्याच्या हातचं काम त्यानं पहिल्या फेरीला बरोबर त्या चाकावरच्या जागी बसायचं. म्हणजे मी मागं, आणि गाडी आबा चालवणार! किल्ली त्यांच्याच खिशात. मला नको म्हणवेना. एवढ्यातच त्यांचा केवढा पाणउतारा झाला होता, वर मी किल्ली मागू? देवाचं नाव घेतलं आणि मागं उजवीकडं जाऊन बसले.

आबांनी मागचंच दुसरं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. दार ओढून घेतलं. हात गुडघ्यांवर, नजर समोर.

पुढं कोणीच नव्हतं. त्या रिकाम्या सीटकडं बघून तुम्हाला म्हणाले, "राजवर्धन, सोड की गाडी. सांगली लय लांब हाय."

मला रडू आवरलं नाही. मग डोळे पुसून पुढं जाऊन बसले. त्यांनी किल्ली मुकाट्यानं दिली. गाडी वेशीपर्यंत नेऊन आणली. आवाज गेलाय, चाक अगदी ठणठणीत आहे.

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. शुक्रवारपासून त्यांच्या डोळ्याला पट्टी, आणि आबा हे असे. मला भीती वाटते हो. चाकाची नाही. उद्या-परवा ते माझ्या हातातल्या पिनेऐवजी माझ्याकडंच बघून "ही कोण गं?" म्हणतील, त्याची. विसरून आणलेलं ते दुसरं बेअरिंग अजून फ्रीजमध्येच आहे. काढून ठेवायचा धीर होत नाही.

मिळेल तेवढी रजा टाका. किल्ली मी जपून ठेवते. पुढची सीट तुमची आहे. तुम्ही तिथं बसलेलेच आहात असं ते धरून चाललेत. ते तुम्हाला ओळखतायत तोवर या.

मागच्या सीटवरून,
तुमची अंकिता